विंडोज एसएसडीवर, डेटा हार्ड डिस्कवर
१२० जीबीच्या एसएसडीवर (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्कवर) विंडोज टाकून जुनी १ टीबीची हार्ड डिस्क डेटासाठी ठेवायचा तुमचा बेत योग्यच आहे. इथे इंदूरला जेल रोडवरच्या दुकानातून एसएसडी जोडून घेणार असाल, तर विंडोज टाकताना हार्ड डिस्कची केबल काढून ठेवायला दुकानदाराला आवर्जून सांगा. नाहीतर बूट पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइल्सचा भाग, कधीकधी हार्ड डिस्कवर जाऊन बसतं. पुढे ती डिस्क गेली, की एसएसडी धडधाकट असूनही मशीन सुरूच होत नाही. नंतर डाउनलोड्स, पिक्चर्स यांचं प्रॉपर्टीजमधलं ‘लोकेशन’ बदलून ते दुसऱ्या डिस्कवर न्या. ॲपडेटा, म्हणजे प्रोग्रॅम्स आपली माहिती ठेवतात तो फोल्डर, मात्र हलवू नका, तिथेच तर एसएसडीचा वेग हवा असतो. आणि घरच्यांच्या फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवाच हो, जुन्या हार्ड डिस्कचा भरवसा नाही.