विणकर मुंग्या रोपावर सोडल्या, पण पानं शिवत नाहीत आणि रोज मरतायत

शाहूपुरी_५
राम राम मंडळी. आंब्यावरच्या तांबड्या विणकर मुंग्यांची राणी पाळलीय, जूनच्या पहिल्या पावसानंतरची. टेस्ट ट्यूबमध्ये ४५ कामकरी झाल्यावर, तीन आठवड्यांपूर्वी, सगळ्यांना काचेच्या टाकीत (४५ × ३० × ४५ सेंमी) लिंबाच्या रोपावर सोडलं. रोप नर्सरीतलं, सोडायच्या आदल्या दिवशीच आणलेलं. खायला गुळाचं पाणी आणि दिवसाआड एक रातकिडा. पानं ओढून बघतात पण शिवत नाहीत, राणी पानाखाली उघड्यावरच बसलीय. गेल्या काही दिवसांपासून रोज ३-४ मरतात, अंडी गायब होतायत. काचेला वर व्हॅसलीनचा पट्टा आहे, तरी दुपारी झाकणाच्या कोपऱ्यातून बाहेर येतात. झाडावरचं एखादं घरटं उतरवून त्यातल्या मुंग्या यात मिसळल्या तर वसाहत सावरेल का?

मुंगीपुराण
घरटं नंतर. आधी हे सांगा, मरणारी मुंगी कशी दिसते? पाय आवळून सुकलेली, की पाठीवर पडून बराच वेळ पाय थरथरवत राहते?

शाहूपुरी_५
दुसरं. पाठीवर पडतात, पाय आणि मिशा थरथरतात, संध्याकाळपर्यंत तशाच.

मुंगीपुराण
मग औषध आहे, भूक नव्हे. नर्सरीत लिंबावर पानं पोखरणारी अळी आणि मावा येऊ नये म्हणून इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध देतात. ते मुळांतून पानांत चढतं, त्यामुळे पानं कितीही धुतली तरी जात नाही, आठवडेच्या आठवडे राहतं. आजच मुंग्या त्या रोपावरून काढा.

नवीन टेस्ट ट्यूब घ्या, २० मिमी व्यासाची, १५० मिमी लांब. तिसरा हिस्सा पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा. बोळा दाबल्यावर ओला व्हावा, पण पाणी पुढे येऊ नये. ट्यूबला काळा कागद गुंडाळा. राणी ज्या पानाखाली आहे ते पान देठासकट कापा, मऊ ब्रशने राणी आणि पिलावळ ट्यूबच्या तोंडाशी उतरवा. उरलेल्या कामकरी दिव्याच्या उजेडात ठेवा, काळोख शोधत आपणच आत जातात. हातमोज्यांवर टाल्कम पावडर चोळा, म्हणजे चढताना त्यांचे पाय घसरतात. या नांगी मारत नाहीत, पण चावून त्या जागी फॉर्मिक आम्ल सोडतात, म्हणून डोळ्याला चष्मा हवाच.

अंडी गायब होतायत ती त्याच खातायत. ताण आला किंवा प्रथिनं कमी पडली की हेच होतं. वसाहत स्थिरावली की थांबतं.

पंचगंगाकाठ
शिवणकामाचं सांगतो, कारण बहुतेक जण इथेच फसतात. कामकरी मुंगीकडे रेशीम नसतंच. ते शेवटच्या अवस्थेतल्या मोठ्या अळीकडे असतं. एक रांग पानाच्या कडा जबड्यात धरून ओढून ठेवते, दुसऱ्या मुंग्या अळीला तोंडात धरून या कडेपासून त्या कडेपर्यंत मागावरच्या धोट्यासारखं फिरवतात. अळी आपलं रेशीम घरट्यात घालवते, म्हणून यांच्या प्युपांना (अळी आणि मुंगी यांच्या मधली अवस्था) कोशच नसतो, उघडे पांढरे असतात. तुमच्याकडे मोठ्या अळ्या किती? चार-पाच असतील तर पान कोण शिवणार?

माझ्या मते १५०-२०० कामकरी आणि ट्यूबमध्ये मोठ्या अळ्यांचा खच दिसेपर्यंत झाडाचं नाव काढू नये. दिसायला झाड झकास, पण ४५ मुंग्यांना ते ओसाड रान आहे.

रोप मात्र आत्ताच तयार करा. आंब्याचं किंवा पेरूचं बीपासून स्वतः उगवलेलं, कोवळी लवचिक पानं असलेलं. विकतचं आणलंच तर दोन-तीन महिने बाजूला ठेवा, नवी पालवी येऊ द्या. मग त्यावर एखादी साधी मुंगी बंद डब्यात दोन दिवस ठेवून बघा.

आणि घरटं उतरवून मुंग्या मिसळू नका भावा! त्या दुसऱ्या वसाहतीच्या, तुमच्या राणीला मारून टाकतील. त्यात राणी मिळेल ही आशाही सोडा, अख्ख्या वसाहतीची घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात आणि राणी बहुधा एकाच घरट्यात. चालतात ते फक्त प्युपे. मोठ्या मुंग्या एकही न येता १०-१५ पांढरे प्युपे ब्रशने उचलून ट्यूबच्या तोंडाशी ठेवा. त्यातून निघालेल्या मुंग्या या वसाहतीचाच वास घेतात. घरटं शेतातल्या-परसातल्या झाडाचं घ्या. राधानगरी-दाजीपूर अभयारण्यातून काहीच उचलायचं नाही, तिथे वन्यजीव संरक्षण कायदा (१९७२) मुंगीलाही लागू होतो.

माळावरचा_आंबा
पळण्याबद्दल. ऑक्टोबरच्या उन्हात व्हॅसलीन मऊ होऊन ओघळतं, धूळ बसते, मग या त्याच्यावर कचरा आणि मेलेल्या मुंग्या टाकून वाट करतात. टाल्कम पावडर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ताकाएवढी पातळ कालवून ५ सेंमीचा पट्टा लावला तर आता कोरड्या हवेत छान चालेल. पावसाळ्यात मात्र कोल्हापूरची दमट हवा तो पट्टा गोळा करून टाकते. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) द्रावणही दमटपणात सैल पडतं. म्हणून पट्ट्यावर विसंबू नका. झाकणाला अर्ध्या मिमीहून बारीक छिद्राची स्टीलची जाळी आणि कडेला फोमची पट्टी. टाकी परातीत विटेवर ठेवा, परातीत ५ सेंमी पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. साबण नसेल तर त्या पाण्याच्या पृष्ठभागावरून चालत जातात. डासांसाठी चौथ्या दिवशी पाणी बदला. टाकीच्या चारी बाजूंना वीतभर जागा मोकळी हवी, कारण एकमेकींना धरून साखळी करून या अंतर ओलांडतात.

गुळाबद्दल कोल्हापुरात बोललं की लोक चिडतात 😄 पण पिवळाधमक गूळ घालू नका, रंगासाठी त्यात हायड्रॉस नावाचं रसायन असू शकतं, शिवाय ते पाणी लवकर आंबतं. एक भाग साखर, तीन भाग पाणी, कापसाच्या बोळ्यावर, रोज बदलायचं. रातकिडा २४ तास फ्रीझरमध्ये ठेवून मगच कापून द्या, गोचिडीसारखे बारीक माइट्स आत जाणार नाहीत. घरातलं झुरळ कधीच नाही.

मुंगीपुराण
राहिली थंडी. यांना २६ ते ३० अंश मानवतं. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा १५ च्या आसपास उतरतो, अळ्यांची वाढ थांबते. ट्यूब थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, रात्री शेजारी कोमट पाण्याच्या दोन एक-लिटर बाटल्या. हीट मॅट वापरलीत तर ट्यूबच्या सुक्या टोकाकडे, थर्मोस्टॅट लावूनच. पाण्याच्या टोकाला ऊब लागली तर वाफेचं आत काचेवर पाणी होतं आणि पिलावळ बुडते.

शाहूपुरी_५
काल रात्री हलवलं. राणी ब्रशला चिकटून बसली होती, दहा मिनिटं लागली. सकाळी मोजल्या, राणी आणि ३१ कामकरी, मोठ्या अळ्या तीनच. थरथरणाऱ्या दोन अजून आहेत. प्युपे कधी घालू?

पंचगंगाकाठ
त्या दोन बाजूला काढा. सलग चार दिवस एकही मेली नाही, की मग.