मदत हवी आहे: ७ मेगाहर्ट्झवर मॅग्नेटिक लूप (छोटा गोल अँटेना) दुरून ट्यून करताना

लूप १ मीटर व्यासाचा, २२ मिमी तांब्याच्या नळीचा, सुटा करून नेता येणारा. इंडक्टन्स साधारण २.४५ मायक्रोहेन्री, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झला २०५ पिकोफॅरड लागतात. ट्यूनिंगचा बटरफ्लाय कपॅसिटर (फिरवून धारिता बदलणारा) १० ते २२० पिकोफॅरडचा, ९० अंशांत पूर्ण फिरणारा. तो फिरवायला २८बीवायजे-४८ स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर), यूएलएन२००३ ड्रायव्हर चिप आणि आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड). मधे १० मीटर केबल.

मोटर थेट जोडली तर हाफ-स्टेपलाही (अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने फिरवूनही) एका स्टेपमागे सुमारे ३.५ किलोहर्ट्झ सरकतात. लूपची बँडविड्थच जेमतेम ५-६ किलोहर्ट्झ, त्यामुळे एसडब्ल्यूआरचा (अँटेना किती जुळलाय ते सांगणारं गुणोत्तर, कमी तितकं चांगलं) तळ हुकतो. ६:१ बॉल ड्राइव्ह (वेग कमी करणारा जोड) घातल्यावर स्टेप ०.६ किलोहर्ट्झवर आली, ते उत्तम. पण मोटरच्या गिअरमधला प्ले (ढिलेपणा) उरतोच. सध्या उपाय एकच: नेहमी एकाच दिशेने जवळ यायचं, पुढे गेलं तर बरंच मागे जाऊन पुन्हा. स्प्रिंग लावून प्ले कायम एका बाजूला दाबून ठेवलाय का कुणी? एवढी छोटी मोटर तो ताण पेलते का?

दुसरी अडचण जास्त त्रासाची. ट्रान्समिट करताना १० वॅट सोडले की मोटर आपोआप दोन-चार स्टेप सरकते. ट्यूनिंग झाल्यावर कॉइलचा पुरवठा बंद केला तर सरकत नाही, रिसीव्हरमधला खरखराटही जातो. म्हणजे आरएफ (प्रक्षेपणाची रेडिओ ऊर्जा) केबलवाटे आर्डुइनोत शिरतंय असं दिसतं. केबलच्या दोन्ही टोकांना मिक्स ३१ फेराइटवर (आरएफ अडवणाऱ्या कड्यावर) सहा-सहा वेढे आहेत. केबलची शील्ड (बाहेरचं धातूचं आवरण) फक्त रेडिओच्या टोकाला अर्थ करावी की दोन्हीकडे? कपॅसिटरवर दीड-दोन हजार व्होल्ट असतात, म्हणून मोटरचा शाफ्ट इन्सुलेटेडच आहे. केबल लूपच्या सममितीच्या रेषेवरून सरळ खाली आणल्याने कुणाला फरक पडला असेल तर मोजमापासह सांगा.