फ्लेक्स तुटली एक, अंदाज आला अर्ध्या लेन्सचा

रानवाटा:
माझी २४-७० मिमी झूम लेन्स एफ २.८ ला, म्हणजे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघडं असताना, व्यवस्थित चालते. छिद्र लहान करून एफ ४ केलं की कॅमेरा एरर दाखवून अडतो. झूम बरीच वर्षं वापरलेल्यांना हे दुखणं माहीत असेल: ॲपर्चरला जाणारी फ्लेक्स (वीज आणि सिग्नल नेणारी पातळ लवचीक पट्टी) झूमच्या प्रत्येक फेऱ्यात दुमडते आणि कधीतरी तुटते. पूर्ण उघड्या ॲपर्चरला छिद्र लहान-मोठं करणारी पाती हलावी लागत नाहीत, म्हणून तेवढंच चालतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा अंदाज नव्या लेन्सच्या निम्म्यावर गेलाय. नुसती फ्लेक्स बदलत नाहीत, अख्खं ॲपर्चर युनिट बदलतात. दुरुस्ती नको म्हटलं तरी तपासणीचे पैसे द्यायचेच. हा दर माणसाला नव्या लेन्सकडे ढकलतो, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

कोलिमेटर:
असहमत. अकरा वर्षं लेन्स खोलतोय, म्हणून लिहितो. फ्लेक्सची किंमत नगण्य आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी), सर्किट आणि बऱ्याच लेन्समध्ये काचांचा एखादा गटही काढावा लागतो. माउंटखाली अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या, म्हणजे शिम असतात, मिलिमीटरच्या शतांशात मोजायच्या. निकॉन झेड कॅमेऱ्यांना माउंट ते सेन्सर अंतरच १६ मिमी आहे. तिथे दोन-तीन शतांशांची चूकही वाइड लेन्सला सोसत नाही. शिम चुकली किंवा गट जरा तिरका बसला की फोटोची एक बाजू धारदार, दुसरी मऊ (धूसर). मग चाचणीच्या चार्टवर चारही कोपरे बघायचे, जमलं नाही तर परत खोलायचं. पैसे या कामाचे आहेत.

तिसरापडदा:
मग हे काम येणाऱ्या बाहेरच्या कारागिरांना सुटे भाग का नाही देत? निकॉनने अमेरिकेत २०१२ मध्ये स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना भाग विकणं थांबवलं. २०२० च्या मार्चअखेर तिथल्या अधिकृत दुकानांचे करारही संपवले. ही माणसं तोवर कंपनीच्याच मान्यतेने काम करत होती. हात तेच राहिले, भाग मिळेनासे झाले. स्पर्धा उरली नाही की दर कोण विचारणार? कॅलिफोर्नियाच्या १ जुलै २०२४ पासूनच्या कायद्यात १०० डॉलर व त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे भाग आणि माहिती, उत्पादन थांबल्यावरही ७ वर्षं द्यायला सांगितलंय. सगळीकडे हेच हवं.

सावलीउन्हं:
मी फोटोग्राफीवरच पोट भरते. एक झूम बाहेर दुरुस्त करून घेतली, खर्च खूपच कमी आला. पण ७० मिमीला उजवी बाजू कायम मऊ. नंतर कंपनीत नेली तर आत दुसऱ्याचा हात लागलाय म्हणून त्यांनी घ्यायलाच नकार दिला. तेव्हापासून मी थेट कंपनीकडे जाते. दुरुस्तीचा आकडा मी लेन्सच्या किमतीशी ताडत नाही, बुडणाऱ्या कामाशी ताडते.

रानवाटा:
सावलीउन्हं, तुमचा अनुभव वाईट आहेच, पण त्या नकारावरूनच माझा मुद्दा पक्का होतो. एकदा बाहेर गेलात की परतीची वाट बंद! आणि कोलिमेटर, जुळवणीचे पैसे द्यायला मी तयार आहे. पण मग जुळवणी किती, मजुरी किती, भागाचे किती, हे लिहून द्यावं ना. मला एकच आकडा मिळाला. कशाचे पैसे देतोय हेच कळत नसेल तर तो वाजवी कसा मानू?

कोलिमेटर:
तपशील द्यायला हवा, हे मान्य. अख्खं युनिट बदलण्याबद्दलची तक्रार मात्र पटत नाही. ते कारखान्यातून जुळवून येतं, म्हणून लेन्स त्याच दुखण्याने परत येत नाही. सुटी फ्लेक्स हाताने डकवलेली मी पुन्हा तुटताना पाहिली आहे.

ओलीभिंत:
थोडं अवांतर. लेन्सच्या काचेवर बुरशी असेल तर दराची घासाघीस करत बसू नका. एकदा तिने काचेवरचं कोटिंग (पातळ थर) खाल्लं की पुसून परत येत नाही.

रानवाटा:
तपासणीचे पैसे भरून लेन्स परत आणतोय. फ्लेक्स मिळाली तर स्वतः बदलून बघणार.

कोलिमेटर:
मी करू नका म्हणेन. तरी खोलणारच असाल तर माउंट काढताना प्रत्येक शिमची जागा लिहून ठेवा, फोटो काढा. आणि जपानी लेन्सचे स्क्रू जेआयएस (जपानी मानकाचे) असतात, साधा फिलिप्स लावलात तर डोकं घासून जाईल.