विनाचालक टॅक्सीचा अपघात : सॉफ्टवेअरमधील दोष जखमीने का सिद्ध करायचा?

मंदार :

माणूस चालवत असलेल्या गाडीने एखाद्याला धडक दिली, तर सावध चालकाने घ्यावी तेवढी काळजी या चालकाने घेतली नाही, एवढेच जखमीला न्यायालयात दाखवावे लागते. सिग्नल तोडला होता किंवा वेग जास्त होता, हे साक्षीदारांकडून आले की दावा उभा राहतो. चालकाच्या मनात त्या क्षणी काय चालले होते, हे उलगडून दाखवण्याची अपेक्षा जखमीकडून कोणी करत नाही. तीच धडक विनाचालक टॅक्सीने दिली, तर मात्र प्रकरण सदोष उत्पादनाच्या कायद्याकडे वळते. मग अमेरिकेतील अनेक राज्यांत जखमीला प्रणालीच्या रचनेत दोष कुठे होता आणि तिच्याऐवजी कोणती अधिक सुरक्षित रचना शक्य होती, हे तज्ज्ञांकरवी सिद्ध करावे लागते. या तज्ज्ञांचे शुल्क मोठे असते, त्यांना लागणाऱ्या नोंदी कंपनीच्या ताब्यात असतात आणि भरपाईची रक्कम मध्यम असेल तर एवढा खर्च अंगावर घेऊन खटला लढवणारा वकील मिळणेही कठीण होते.

माझे म्हणणे असे की, टॅक्सी चालवणाऱ्या प्रणालीला कायद्याने चालक मानावे, माणसाला लावतो तीच काळजीची कसोटी तिच्या वर्तनाला लावावी आणि त्या चालकाची जबाबदारी कंपनीने उचलावी. ब्रिटनच्या 2018 च्या कायद्याने याच दिशेने पाऊल टाकले आहे. स्वतःहून चालणाऱ्या विमाधारक गाडीमुळे अपघात झाला, तर विमा कंपनीने आधी जखमीला भरपाई द्यायची आणि नंतर ती रक्कम उत्पादकाकडून किंवा जो कोणी जबाबदार असेल त्याच्याकडून वसूल करायची, अशी त्यात तरतूद आहे. तंत्रज्ञानाचा वाद त्यामुळे तो वाद परवडणाऱ्या दोन पक्षांमध्ये राहतो आणि रुग्णालयात पडलेल्या माणसाला त्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

यंत्रस्थ :

तुमच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण या नियमाचा परिणाम तुम्ही पूर्ण मोजलेला नाही. विनाचालक टॅक्सी चालवणारी वेमो कंपनी आणि विमा कंपन्यांना विमा देणारी स्विस री यांनी मिळून 2 कोटी 53 लाख मैलांच्या प्रवासातील विमा दाव्यांचा अभ्यास केला आणि तो 2024 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या तुलनेत मालमत्तेच्या नुकसानीचे दावे 88 टक्क्यांनी आणि शारीरिक इजेचे दावे 92 टक्क्यांनी कमी आढळले. जे अपघात टळले, त्यांचे श्रेय कोणत्याही न्यायालयात मिळत नाही आणि जो झाला, त्याची मात्र पूर्ण किंमत मोजावी लागते. शिवाय यंत्राच्या चुका माणसाच्या चुकांसारख्या नसतात. माणूस झोपेमुळे चुकतो, यंत्र एखाद्या अपरिचित आकृतीमुळे चुकते. माणसाची कसोटी लावली तर अशी प्रत्येक चूक ‘माणसाने केली नसती’ याच सदरात जाईल.

ज्युरींचा कल कुठे असतो, हेही पाहावे. ऑगस्ट 2025 मध्ये मायामीतील ज्युरीने 2019 च्या एका अपघातात टेस्लाला 33 टक्के जबाबदार धरून सुमारे 24 कोटी 30 लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि त्यातील 20 कोटी दंडात्मक होती. त्या गाडीत केवळ चालकाला साहाय्य करणारी प्रणाली होती आणि चालक खाली पडलेला फोन शोधत होता. जिथे चालकच नाही, तिथे काय होईल याचा अंदाज करता येतो.

मंदार :

हे आकडे कंपनीच्या सहभागाने काढलेले आहेत, तरी वादापुरते ते खरे धरतो. इजेचे दावे खरोखरच 92 टक्क्यांनी कमी असतील, तर उरलेल्यांची भरपाई देणे कंपनीला जड जाऊ नये. कॅलिफोर्नियात रस्त्यावर उतरण्यापूर्वीच 50 लाख डॉलरचे विमा किंवा तत्सम संरक्षण दाखवावे लागते. सरासरी सुरक्षितता हा परवाना देताना विचारात घ्यायचा मुद्दा आहे, एका जखमीच्या दाव्याला ते उत्तर नव्हे. तीस वर्षे निर्धोक गाडी चालवणाऱ्या माणसालाही, त्याने एकदा हयगय केली तर, मागच्या वर्षांची सूट मिळत नाही.

शर्वरी :

प्रणालीला चालक म्हटल्याने पुराव्याचा प्रश्न सुटत नाही आणि माझ्या मते पहिला प्रश्न तोच आहे. 2 ऑक्टोबर 2023 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माणूस चालवत असलेल्या एका गाडीने एका पादचारी महिलेला उडवले. ती क्रूझ कंपनीच्या विनाचालक टॅक्सीसमोर पडली. टॅक्सीने तिला धडक दिली, ती थांबली आणि नंतर रस्त्याच्या कडेला जाण्याच्या प्रयत्नात तिने त्या महिलेला सुमारे 20 फूट फरफटत नेले. हे फरफटणे कंपनीने संघराज्य यंत्रणेला दिलेल्या अहवालांतून वगळले होते. त्यासाठी कंपनीला सप्टेंबर 2024 मध्ये 15 लाख डॉलरचा दंड झाला आणि नोव्हेंबरमध्ये खोटा अहवाल दिल्याची कबुली देऊन आणखी 5 लाख डॉलर भरावे लागले. परवाना आणि चौकशीचे अधिकार हाती असलेल्या यंत्रणांना जिथे पूर्ण माहिती मिळाली नाही, तिथे एकट्या पादचाऱ्याला ती कशी मिळणार?

म्हणून नोंदींचा हक्क कायद्यातच हवा. जर्मनीत 2017 च्या दुरुस्तीनुसार नियंत्रण माणसाकडून प्रणालीकडे आणि परत केव्हा गेले हे गाडीत नोंदवावे लागते आणि दाव्यासाठी गरज असल्यास ती नोंद त्रयस्थालाही मिळते. युरोपीय संघाचा 2024 चा उत्पादन दायित्व निर्देश याहून पुढे जातो. तो 9 डिसेंबर 2026 नंतर बाजारात येणाऱ्या उत्पादनांना लागू होईल. त्यात सॉफ्टवेअरलाही उत्पादन मानले आहे आणि न्यायालयाने मागितलेला पुरावा प्रतिवादीने दिला नाही, तर उत्पादन सदोष असल्याचे गृहीत धरले जाते. मला ही तरतूद सर्वांत मोलाची वाटते, कारण पुरावा दडवण्यात काही फायदाच उरत नाही.

प्रवाशांचाही वेगळा विचार करावा लागेल. ॲपवरील अटी मान्य करताना प्रवाशाने वाद न्यायालयाऐवजी लवादाकडे नेण्याचे कलम स्वीकारलेले असू शकते. पादचाऱ्याने तसे काहीच मान्य केलेले नसते.

नीलकंठ :

शर्वरीताईंनी दिलेल्या उदाहरणात पहिली धडक माणसाची होती आणि तो चालक पळून गेला. मंदार यांच्या नियमाने, जो सापडला आणि ज्याच्याकडे पैसा आहे, त्याच्याकडूनच सगळी वसुली होणार का?

माझा मूळ आक्षेप दाव्यांच्या वाटेलाच आहे. न्यूझीलंडमध्ये 1974 पासून अपघाती इजेसाठी दोष न पाहता सार्वजनिक योजनेतून भरपाई मिळते आणि त्या बदल्यात अशा इजेच्या भरपाईसाठी खटला भरण्याचा हक्क सोडावा लागतो. तिथे जखमीला वकीलही लागत नाही आणि तज्ज्ञही. दाव्यांमुळे सत्य बाहेर येते, असे म्हणाल तर मार्च 2018 मधील अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी शहराचा अपघात पाहा. उबरच्या चाचणी गाडीखाली एका पादचारी महिलेचा मृत्यू झाला आणि काही दिवसांतच कंपनीने कुटुंबाशी तडजोड केली. प्रणालीने तिला 5.6 सेकंद आधी टिपले होते, पण ती पादचारी आहे हे तिला शेवटपर्यंत ओळखता आले नाही. हे खटल्यातून नव्हे, तर राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीतून समोर आले. फौजदारी शिक्षा झाली ती गाडीत बसलेल्या कर्मचाऱ्याला. कंपनीवर फौजदारी जबाबदारीचा आधार नाही, असे सरकारी वकिलांनी 2019 मध्येच सांगितले होते.

मंदार :

पहिल्या धडकेची जबाबदारी त्या पळालेल्या चालकाचीच आहे. फरफटल्याने झालेली इजा वेगळी आहे आणि ती कंपनीच्या माथी येते. अशी विभागणी न्यायालये नेहमी करतात. कॅलिफोर्नियात साधारणपणे उपचारखर्च आणि बुडालेले उत्पन्न यांसाठी सर्व दोषी संयुक्तपणे बांधील असतात, तर वेदनांच्या भरपाईसाठी प्रत्येक जण आपल्या हिश्श्यापुरता. हा समतोल मला योग्य वाटतो.

तडजोडीविषयीचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, म्हणून तडजोड झाली तरी अपघाताच्या नोंदी नियामकाकडे गेल्याच पाहिजेत, अशी अट हवी. सार्वजनिक निधी मात्र मला पुरेसा वाटत नाही. 5.6 सेकंद हाती असताना गाडी थांबली नाही, याची किंमत तिची रचना करणाऱ्याच्या ताळेबंदात दिसली पाहिजे. ती सर्वांच्या वर्गणीत विरघळली, तर ती रचना बदलण्याचे आर्थिक कारण राहत नाही.

यंत्रस्थ :

मग निदान मर्यादा तरी ठरवा. जर्मनीत गाडीधारक दोष सिद्ध न होताही बांधील असतो, पण स्वयंचलित प्रणालीमुळे झालेल्या मृत्यू वा इजेसाठी ही जबाबदारी एका अपघातामागे 1 कोटी युरोपर्यंतच आहे. त्याहून अधिक हवे असेल तर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. अशा आकड्यावर विम्याचा हप्ता ठरवता येतो, ज्युरीच्या मनःस्थितीवर ठरवता येत नाही.

मंदार :

दोष न पाहता मिळणाऱ्या भरपाईला अशी मर्यादा मला मान्य आहे, पण ज्या कंपनीने नोंदी दडवल्या किंवा अर्धवट दिल्या, तिला त्या मर्यादेचा आधार घेता येऊ नये.