तोंड येण्याचं तुमच्याकडे कारण काय निघालं?

धागाकर्ती
आमच्या घरी कुणाचंही तोंड आलं की निदान तयार असतं: "उष्णता झाली, पोट साफ नाही." मग सब्जा, मग एरंडेल, मग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, आणि जो उपाय शेवटी केला त्याला श्रेय. साधे व्रण, म्हणजे मध्ये पांढुरके-पिवळट आणि भोवती लाल कड असलेले, काहीही न करता आठवड्या-दोन आठवड्यांत भरतात. त्यामुळे कशाने बरं वाटलं यापेक्षा मुळात कशामुळे येत होतं आणि ते कसं सापडलं, हे लिहा.

माझं कारण अगदीच रुक्ष आहे. खालच्या दाढेचा एक कोपरा तुटलेला होता. फोड दरवेळी जिभेच्या कडेला, नेमका त्याच जागी. दंतवैद्यांनी कोपरा घासून गुळगुळीत केला आणि प्रकरण मिटलं. त्याआधी घरच्यांनी गुलकंदाचा मारा केला होता. गुलकंद चांगला होता, तक्रार नाही.

अभ्यासिका क्र. ३
पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पूर्वपरीक्षा जवळ आली की खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला एक तरी येतोच. जागरणं, रिकाम्या पोटी चहा आणि मेसची जाळ भाजी, यातलं कोण गुन्हेगार ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं की परीक्षा झाली की चहा आणि मेस तशीच राहते, फोड मात्र जातात. पेपर वाईट गेला असला तरी जातात! आईलाही तरुणपणी असंच व्हायचं म्हणे. हे घराण्यातून येतं का?

दातओठ
हो, आईवडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते. मी दंतवैद्य आहे, अधूनमधून डोकावेन.

लोखंडी कढई
मला वर्षभर एक बरा होतोय तोवर दुसरा, असं चाललं होतं. जीभ लालबुंद आणि गुळगुळीत. वरणभातसुद्धा झोंबायचा. सासूबाई म्हणायच्या, लोणचं बंद कर. केलं. काही फरक नाही. शेवटी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाळीचा. अंगावरून खूप जायचं, पण "बायकांचं असतंच" म्हणून मी ते कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं) तळाला आणि बी१२ सुद्धा कमी (आम्ही पूर्ण शाकाहारी). लोहाच्या गोळ्या, बी१२ची इंजेक्शनं, जेवणावर लगेच चहा बंद, कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. शिवाय पाळीचा वेगळा इलाज. तोंड सुधारलं, आणि जिना चढताना लागणारी धापही गेली, जिचा तोंडाशी काही संबंध असेल असं मला वाटलंही नव्हतं.

सारखं तोंड येत असेल त्यांनी लोह, बी१२ आणि फॉलिक ॲसिड तिन्ही तपासून घ्या. नुसत्या बी-कॉम्प्लेक्सने माझं लोह काही वाढलं नसतं.

परसदार
आमच्याकडे जाईची पानं चावून थुंकतात, वर साजूक तूप. गार वाटतं. कारण माहीत नाही, धाग्याचा नियम मोडल्याबद्दल माफी!

दातओठ
तूप लावा हो, बिनधास्त. पण दुखऱ्या जागी लवंगेचं तेल, चुना किंवा ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका. तिथली कातडी भाजून पांढरी पडते आणि छोट्या फोडाची मोठी जखम होते.

नाशिकचा मुलगा
हे जरा सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. वडिलांना संधिवात, त्यासाठी मेथोट्रेक्सेट चालू. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. औषधं संपली म्हणून नवीन आणली, तर दुकानातल्या पाकिटावर पेनने लिहिलेलं: "१ रोज रात्री". वडील शिस्तीचे. रोज रात्री घेतली. काही दिवसांत ओठांपासून घशापर्यंत फोड, पाणीही गिळवेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, उन्हाळा बाधला. मी पाकीट बघितलं आणि पोटात गोळा आला. तडक रुग्णालयात नेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली गेल्या होत्या. मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं दिली, भरती राहावं लागलं, वाचले. आता कॅलेंडरवर दर सोमवारी लाल गोल असतो आणि गोळी आईच्या ताब्यात. नवीन औषध सुरू झाल्यावर तोंड आलं, तर ते औषध काय आहे हे आधी डॉक्टरांना विचारा. छातीदुखीवरच्या निकोरँडिलनेही चिवट व्रण होतात, हे मला त्या वॉर्डातच कळलं.

न्यू जर्सीकर
माझं कारण टूथपेस्ट. फेसासाठी घातलेलं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट आणली आणि गालातले व्रण खूपच कमी झाले. नवऱ्याने तीच वापरली, त्याला शून्य फरक.

दातओठ
बरोबर, सगळ्यांना लागू पडत नाही. पण प्रयोग स्वस्त आहे, करून बघायला हरकत नाही.

चंची सोडलेला
तंबाखू सोडली आणि तोंड आलं! खातो तेव्हा कधी नव्हतं. मित्र म्हणतात, "बघ, शरीराला सवय असते, थोडी खा." काय करू?

दातओठ
दादा, खाऊ नका. तंबाखू किंवा सिगारेट सोडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे असे फोड येणं ठाऊक असलेली गोष्ट आहे, जातात. पण तुम्ही चंचीवाले, म्हणून एवढं करा. तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील, किंवा साधं तिखटही आग करत असेल, तर लगेच दाखवा. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, कडा टणक, न दुखणारा, पांढरा किंवा लाल चट्टा: यातलं काहीही असेल तर तुकडा काढून तपासावा लागतो. मिश्री लावणाऱ्या आज्यांनाही हेच सांगा, त्या "मी कुठे तंबाखू खाते" म्हणतात. आणि इतर कुणाला तोंडाबरोबर गुप्तांगावरही व्रण, डोळे लाल किंवा वारंवार जुलाब असतील, तर दंतवैद्याकडे नव्हे, फिजिशियनकडे जा.

चंची सोडलेला
दोन बोटं जेमतेम जातात. उद्याच जातो.

पिंट्याची आई
पिंट्याला ताप आणि तोंडात फोड. मी तूप लावत बसले होते, तेवढ्यात तळहातावर आणि तळपायावर पुरळ दिसलं. डॉक्टर म्हणाले विषाणूचा आजार आहे, बालवाडीत पसरतो, आपोआप बरा होतो. गार ताक-भातावर दिवस काढले. वर्गातली निम्मी मुलं घरी होती.

अभ्यासिका क्र. ३
दातओठ, ओठाच्या बाहेर पाण्याने भरलेले बारीक फोड येतात, तेही हेच का?

दातओठ
नाही, ते नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूचे, हर्पिसचे. ते पसरतात, फुटून खपली धरेपर्यंत कप-टॉवेल वेगळे ठेवा. आतले साधे व्रण संसर्गजन्य नसतात, त्यामुळे मेसचं ताट शेअर करायला हरकत नाही. भाजी मात्र कमी तिखटाची सांगा.