गोल्डन रिट्रीव्हरला अॅजिलिटी झेपेल का?

प्रश्न (खारघर)

आमच्याकडे आठ महिन्यांची गोल्डन रिट्रीव्हर मादी असून तिचे वजन 29 किलो आहे. सेंट्रल पार्कच्या बाजूला फिरायला नेले की ती दिसेल त्या कठड्यावर चढते आणि तितक्याच उत्साहाने खाली उडी मारते, म्हणून तिला अॅजिलिटी, म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत, शिकवावी असे मनात आहे. मात्र सोसायटीतील बॉर्डर कॉली पाळणाऱ्या गृहस्थांच्या मते हा खेळ हलक्या कुत्र्यांचा असून रिट्रीव्हरने त्याच्या वाटेला जाऊ नये. हे मत कितपत ग्राह्य धरावे आणि सुरुवात केव्हा करावी?

उत्तर (घोडबंदर रोड, ठाणे)

त्या गृहस्थांचे म्हणणे वेगापुरते खरे आहे; बॉर्डर कॉली आखूड वळण घेऊन जो वेळ वाचवते, तो जड हाडाच्या गोल्डनला वाचवता येत नाही. परंतु अडथळे ठरलेल्या क्रमानेच पार करायचे, दांडी पाडायची नाही, ए-फ्रेम (दोन बाजूंनी उतरत्या फळ्या), डॉगवॉक (उंचावरची अरुंद फळी) आणि सी-सॉ (खालीवर होणारी फळी) यांवरून उतरताना वेगळ्या रंगाच्या पट्ट्याला पंजा लावायचा, आणि हे सारे हातात दोरी किंवा खाऊ न धरता केवळ इशाऱ्यावर व हाकेवर करून घ्यायचे, असा हा खेळ आहे. पाडलेला पक्षी शोधून शिकाऱ्याच्या हाती आणून देण्यासाठी एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये ही जात घडवली गेली, त्यामुळे माणसाकडे लक्ष ठेवून काम करणे तिला मुद्दाम शिकवावे लागत नाही.

माझ्या मते अडचण जातीची नसून वजनाची आहे. पूर्ण वाढलेली मादी साधारण 25 ते 30 किलोची असते आणि आपली मादी आठव्या महिन्यातच तिथे पोहोचली आहे. तिच्या फासळ्यांवरून हलकेच हात फिरवून पाहा. दाबल्याशिवाय त्या बोटांना लागत नसतील, तर दूधपोळी आणि चहाबरोबरची बिस्किटे आधी बंद करावीत.

उत्तर (नेरूळ)

वरील मताशी सहमत आहे, तरी वयाचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मोठ्या जातींमध्ये हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण होण्यास वर्ष ते दीड वर्ष लागते आणि तोवर उंचावरून उतरण्याचा भार पुढच्या पायांवर वारंवार पडणे धोक्याचे असते, त्यामुळे कठड्यावरचा खेळ आजच थांबवावा. एफसीआयच्या (कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) स्पर्धांतही 18 महिने पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. तोपर्यंत जमिनीवर आडव्या ठेवलेल्या काठ्या ओलांडणे, सरळ टनेलमधून (कापडी बोगद्यातून) जाणे, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी सोबत धावणे आणि हाक मारताच परतणे एवढे पक्के करावे. पुढचे निम्मे काम यातच होते. घरातील गुळगुळीत टाइल्सवर मात्र चेंडू फेकू नये, कारण वळताना मागचे पाय फाकतात आणि खुबे व गुडघे दुखावतात. गोल्डनमध्ये हिप डिस्प्लेशिया (खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष) सर्रास आढळतो, म्हणून उड्यांची उंची वाढवण्यापूर्वी खुब्यांचा एक्स-रे काढून घ्यावा.

उत्तर (ठाणे पश्चिम)

आपल्या हवामानाचा विषय कोणीच काढला नाही. कुत्रे धाप टाकून शरीर थंड ठेवते आणि हवा दमट असली की तो उपाय तोकडा पडतो, त्यामुळे मे किंवा ऑक्टोबरमध्ये सकाळी नऊला पार्कात सराव घेणारे लोक पाहिले की मला राग येतो. उजाडता उजाडता, तेही थोडा वेळच, सराव घ्यावा. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबू लागली की तिथेच थांबावे. उन्हाळा आला म्हणून अंगावरचे केस वस्तऱ्याने काढू नयेत. पावसाळ्यात शेवाळलेल्या जमिनीवर उडी नकोच.

प्रश्नकर्ती (खारघर)

सर्वांचे आभार. कठडा आणि बिस्किटे दोन्ही बंद करते. एक्स-रेसाठी तिला गुंगीचे औषध द्यावे लागते का?

उत्तर (नेरूळ)

बहुधा द्यावे लागते, कारण तिला उताणे झोपवून मागचे दोन्ही पाय सरळ ताणून धरावे लागतात आणि शुद्धीतले कुत्रे तसे स्थिर राहत नाही. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचे का, हे पशुवैद्यांना आधीच विचारून घ्यावे.