मदत हवी आहे: विक्री, उत्पादन आणि स्टोअरचा मेळ कसा बसवायचा?

नमस्कार. रत्नागिरीजवळ आमचा हापूसच्या पल्पचा छोटा कारखाना आहे. खरेदी, उत्पादन, स्टोअर, विक्री, हिशोब असे विभाग आहेत, माणसं मोजकीच. विक्रीवाले डब्यांचा शब्द देऊन मोकळे होतात आणि स्टोअरमध्ये तेवढा माल शिल्लकच नसतो. कॅनिंगचा आंबा पाऊस सुरू होईपर्यंतच मिळतो, त्यामुळे नंतर पल्प वाढवता येत नाही. दिलेला शब्द मोडावा लागतो, हे फार लागतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, निरोप वाहून जातात. सगळ्यांसाठी एकच एक्सेल शीट केली, पण गोदामात रेंज नाही, नोंदी संध्याकाळी होतात. टॅली फक्त बिलांपुरतं वापरतो. महागडं ईआरपी (सगळे विभाग एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर) परवडणार नाही.

ऑर्डर घेतानाच माल राखून ठेवायचा, तर बॅचनिहाय शिल्लक स्टोअरने सांभाळावी की हिशोब विभागाने? आणि ऑर्डरला शेवटचा होकार कोणाचा असावा?